मांडी ठेवून जाय

मागच्या जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी देऊळघाटहून बहीण आणि भाच्याला गाडीत घेतलं आणि डोणगावला निघालो. भाच्याचं जावळ त्या दिवशी दुपारी बाराच्या आत निघायचं होतं. सोमवारी त्याची शाळा उघडणार होती.

बहिणीच्या सासरचे नियम पक्के आहेत. जावळ विषम वर्षात काढायचं. मूल मामाच्या मांडीवर बसलं पाहिजे आणि मामा सख्खा पाहिजे. जागा डोणगावच्या पुढे त्यांच्या शेतातल्या देवापुढची. ऊन डोक्यावर यायच्या आत न्हाव्याचा वस्तरा खाली ठेवला गेला पाहिजे. पहिल्या वर्षी लॉकडाऊन होता, तेव्हा कोणाला कुठे जाता आलं नाही. तिसऱ्या वर्षी ठरलेल्या आठवड्यात आजेसासूबाई वारल्या, सुतक आलं आणि ते वर्ष निघून गेलं. चालू पाचवं वर्ष बुधवारी संपत होतं आणि सोमवारी-मंगळवारी त्यांच्याकडे वस्तरा लावत नाहीत. रविवार हुकला असता तर थेट सातवं वर्ष लागेपर्यंत थांबावं लागलं असतं. म्हणजे शाळेचं अख्खं एक वर्ष त्याला दोन वेण्यांवर काढावं लागलं असतं.

वेण्या बहीण घालत असे, कारण केस पाठीवर आले होते आणि उन्हाळ्यात मानेला घामोळं यायचं. देऊळघाटच्या अंगणवाडीत त्याबद्दल कोणी काही म्हणत नव्हतं, तिथे सगळ्यांना माहीत होतं. नवी शाळा बुलडाण्यात होती. गणवेश घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं काही न विचारता स्कर्ट काढून पुढे ठेवला. त्या दिवसापासून भाचा एकच गोष्ट सांगत होता. वेण्या असल्या तर शाळेत जाणार नाही.

मी बुलडाण्यात एका दैनिकाचा बातमीदार आहे. रविवार माझी सुट्टी असते, पण फोन वाजला की मी उठतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. भाच्याच्या बारशालाही मी पाळण्याची दोरी हातातून सोडून गेलो होतो, असं बहीण सांगते. ते त्यानं ऐकलेलं होतं.

गाडी देऊळघाटातून बाहेर पडते न पडते तोच मागच्या सीटवर बहीण आणि मी आणलेली नव्या कपड्यांची पिशवी यांच्या मधे बसलेल्या भाच्यानं माझा फोन मागितला.

"काऊन?" बहिणीनं विचारलं.

"वाजला का मामा पयून जातो," तो म्हणाला.

मी फोन दिला नाही. तो समोरच्या खोबणीत ठेवला, जिथून मला दिसत होता. त्यालाही दिसत होता. बुलडाणा शहरातून जाताना माझ्या ऑफिसची गल्ली उजव्या हाताला येते. ती जवळ आली तसं त्यानं दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढलं आणि मला तिकडे पाहू नको असं सांगितलं. मी पाहिलं नाही. गल्ली मागे गेल्यावर तो पुन्हा बसला आणि त्यानं देवाचा विषय काढला.

देवाला केस कशाला लागतात, हा त्याचा पहिला प्रश्न होता. बहिणीनं सांगितलं की नवस असतो. नवस म्हणजे काय, हे त्याला आधीच माहीत असावं, कारण तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

"देवाले टक्कल हाय का?"

"असं बोलू नये," बहीण म्हणाली.

"मंग त्याले माहेच केस काऊन लागते? मामाचे घे म्हणा. मामाले काय करायचे?"

बहीण खिडकीबाहेर पाहत हसली. मी आरशात पाहिलं. माझे केस पुढून विरळ झालेले आहेत. त्यानंही तेच पाहिलं असावं, कारण थोड्या वेळानं त्यानं ती सूचना मागे घेतली आणि मामाचे पुरणार नाहीत असं सांगितलं.

मग माझं जावळ कोणी काढलं, मी कोणाच्या मांडीवर बसलो होतो, हे विचारणं झालं. मी सांगितलं की माझ्या मामाच्या. माझा मामा कुठे आहे? जानेफळला. त्याच्याकडे फोन होता का? तेव्हा नव्हता.

"म्हणून झालं," तो म्हणाला.

बुलडाणा सोडून थोडं पुढे आलो आणि फोन वाजला. मी गाडी कडेला घेतली. ऑफिसातून डेस्कवरचा सहकारी बोलत होता. राजूर घाटात एक ट्रॅव्हल्स कलंडली होती. मी विचारलं, किती? त्याला माहीत नव्हतं. प्रवासी किती, तेही माहीत नव्हतं. गाडी रस्त्यावरच आडवी आहे की खाली गेली, यावर दोन वेगवेगळी उत्तरं आली होती. घाटाजवळच्या मोताळ्याच्या वार्ताहराला फोन लावा, मी थोड्या वेळानं बोलतो, असं सांगून मी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली.

"मामा, तू सारखं किती, किती काऊन करतो?"

मी सांगितलं की कामात आधी आकडा विचारावा लागतो. कशाचा आकडा, हे त्याला हवं होतं. बहीण म्हणाली, माणसांचा. गाडीत बसलेल्या माणसांचा का, असं त्यानं विचारलं.  त्यानं मान वळवून गाडीत पाहिलं, बोटानं एकेकाला मोजलं आणि आपण तीन आहोत असं सांगितलं.

चिखलीला पेट्रोल घ्यायला थांबलो. मी पैसे देत असताना पंपावरच्या माणसानं खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि पोरगी मोठी गोड आहे म्हणाला. भाच्यानं काच पूर्ण खाली केली.

"मी पोरगा हाव."

"मंग वेण्या काऊन हाय बे?" त्या माणसानं विचारलं.

"देवाच्या हाय. आज वापस देऊन राह्यलो."

पंपावरचा माणूस हसला नाही. बरं केलं, म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

पंपाच्या बाहेर येतानाच दुसरा फोन आला. मोताळ्याचा वार्ताहर फोन उचलत नव्हता. छायाचित्रकार सुट्टीवर होता. डेस्कचं म्हणणं होतं की मी आहे तिथून मागे फिरावं, चिखलीहून घाट तासाभराचा तर आहे. आकडा अजून नव्हता. फोन कानाला तसाच ठेवून मी बहिणीकडे वळून पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या मांडीवर पूजेची पिशवी होती, नारळ वर दिसत होता.

"दादा, तू जातो म्हणशील तर आम्ही इथून एसटीनं जाऊ," ती म्हणाली. "पण डोणगावले जाऊन करायचं काय, तेही सांगून दे."

एसटीनं ते दोघं पोचले असते. न्हावी होता, देव होता, मुलाची आत्या पदर पसरून केस झेलायला येऊन बसली होती. मामा नसता तर यातलं काहीच चाललं नसतं.

भाचा माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर रडण्याची तयारी नव्हती. त्यानं एक तोडगा काढला होता.

"तू जाय मामा," तो म्हणाला. "मांडी ठेवून जाय."

बहिणीनं त्याला जवळ ओढलं. मी डेस्कला सांगितलं की आकडा कळू द्या, मग ठरवतो. तोपर्यंत गाडी मेहकरच्या दिशेनं चालवतो. मेहकरपर्यंत ठरवलं तर मागे फिरता येईल, असा माझा हिशेब होता. फोन पुन्हा खोबणीत ठेवायला गेलो तेव्हा त्याचा हात पुढे आला. तू गाडी चालव, वाजला तर मी बोलतो आणि तुला सांगतो, असं तो म्हणाला. जे म्हणतील ते सांगायचं, अशी मी अट घातली.

"हाव," तो म्हणाला.

मी फोन दिला.

चिखली ते मेहकर रस्त्यावर लव्हाळ्याच्या अलीकडे एका बाजूचं काम चालू होतं. एका वेळी एकाच दिशेची वाहनं सोडत होते. आमच्या पुढे एसटी, तिच्या पुढे खताच्या गोण्यांची ट्रॉली. रांग हलत नव्हती. बहिणीच्या फोनवर डोणगावहून सासऱ्यांचा फोन आला, कुठपर्यंत आले म्हणून. न्हावी येऊन बसला होता आणि त्याला नंतर दुसऱ्या गावी जायचं होतं. बहिणीनं सांगितलं, मेहकर आलंच. मेहकर अजून बरंच लांब होतं.

गाडी थांबलेली असताना भाच्यानं केसांचं पुढे काय होणार ते विचारून घेतलं. आत्या पदरात घेणार आणि मग ते नदीत सोडणार. कोणत्या नदीत? पैनगंगेत.

"मासोयीले वेणी येईन का?"

नाही येणार, असं बहिणीनं सांगितलं. मग मासोळी ते केस खाईल का? नाही. मग केस जातील कुठे? बहीण म्हणाली, लांब. लांब म्हणजे कुठे? तिनं नांदेड म्हटलं. तिकडची पोरं ते उचलून डोक्यावर घालतील, ही नवी काळजी त्यानं थोडा वेळ केली. मी पुन्हा घड्याळ पाहिलं. पुढचा ट्रॉलीवाला खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला होता. एसटीतली माणसंही खाली उतरू लागली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तो भाच्याच्या हातात होता. मी हात मागे केला, पण त्यानं आधीच बटण दाबून तो कानाला लावला होता. आम्हाला फक्त त्याचं बोलणं ऐकू आलं.

"हॅलो. मामा गाडी चालवून राह्यला." गाडी उभी होती. "मी बोलतो. हाव." मग थोडं थांबून, "किती?"

त्यानंतर तो बराच वेळ नुसतं ऐकत होता. बरं, म्हणाला आणि फोन कानावरून काढला.

मी विचारलं, काय म्हणाले.

"कोणीच नाही मेलं म्हणे."

आणखी काय म्हणाले? आणखी काही नाही. कोण बोलत होतं? ऑफिसातला काका. मी फोन मागितला. त्याच वेळी समोरच्या माणसानं हिरवा झेंडा दाखवला, ट्रॉली हलली, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला आणि मला गाडी काढावी लागली. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर मी पुन्हा फोन मागितला. फोन त्याच्या हातात नव्हता.

"ठेवला," तो म्हणाला.

"कुठी?"

"जावळ झाल्यावर देतो."

बहिणीनं त्याला आधी समजावलं, मग दरडावलं. सीटच्या खाली पाहिलं, त्याचे खिसे पाहिले, पूजेची पिशवी नारळासकट रिकामी केली. तिच्या फोनवरून तिनं माझ्या नंबरला रिंग दिली. फोन बंद लागला. तिच्याकडे माझ्या ऑफिसचा नंबर नव्हता. मलाही तो पाठ नव्हता. डेस्कवरच्या एकाही सहकाऱ्याचा नंबर मला पाठ नव्हता.

एका सूत्रावर बातमी चालवत नाहीत. इथे सूत्र एकच होतं, ते पाच वर्षांचं पूर्ण झालेलं नव्हतं आणि त्याचा यात सरळ हितसंबंध होता.

मेहकर जवळ आलं तसं बहिणीच्या फोनला नेट मिळालं. देऊळघाटच्या ग्रुपवर घाटातल्या अपघाताचे मेसेज येऊन पडले होते. तिनं वाचून दाखवले.

"पाच म्हणून राह्यले," ती म्हणाली. मग खाली सरकवलं. "दुसऱ्यानं बारा टाकले."

"नाही," भाचा म्हणाला. "कोणीच नाही."

फोटो आहे का, असं मी विचारलं. एक होता, पण त्यातला रस्ता आमच्या घाटातला वाटत नव्हता. कडेला नारळाची झाडं होती. दुसऱ्या मेसेजला फोटो नव्हता. मेसेज कोणी टाकला, त्याला कोणी पाठवला, यातलं काही कळायला मार्ग नव्हता.

मेहकरला पैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे मी गाडी कडेला उभी केली. पूल ओलांडून डोणगावच्या रस्त्याला लागलो असतो तर मागे फिरण्यात अर्थ उरला नसता. इथून फिरलो असतो तर जावळ राहिलं असतं. मी मागे वळून त्याला विचारलं की ऑफिसातले काका नक्की काय म्हणाले, जसं म्हणाले तसं सांग.

तो नदीकडे पाहत होता. पाणी कमीच होतं, पात्रात खडक उघडे होते.

"ही आपल्या देऊळघाटची हाय का?"

बहीण हो म्हणाली. तीच नदी.

"आपल्या आधी कशी आली?"

 मी माझा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काका म्हणे, कोणीच नाही मेलं. मी खोटं नाही बोललो, मामा."

 बहिणीनं नारळ पिशवीत परत ठेवला आणि पिशवीचे बंद हातात धरून बसली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पुलावर घेतली.

डोणगावपर्यंत त्याचे प्रश्न मोजकेच होते. एकदा त्यानं विचारलं की न्हाव्याला मामा आहे का. एकदा विचारलं की वस्तरा लागतो का. लागत नाही, असं मी सांगितलं. तुला आठवतं का, असं त्यानं विचारलं. आठवत नाही, असं मी सांगितलं. बहीण पुढच्या मैलाच्या दगडाकडे आणि मग फोनवरच्या घड्याळाकडे आळीपाळीनं पाहत होती. बारा मेल्याचा आकडा ग्रुपवर आता आणखी कोणीतरी पुढे पाठवला होता. तिनं तो मोठ्यानं वाचला नाही, फक्त फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

शेतात पोचलो तेव्हा बारा वाजायला थोडा वेळ होता. बांधाजवळ निंबाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तोच देव. समोर सतरंजी टाकलेली होती. न्हावी सामान मांडून बसला होता आणि त्यानं आल्या आल्या वर सूर्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी पाय धुवायला पाणीही विचारलं नाही, सरळ बसा म्हणाले. मी मांडी घातली. बहिणीनं वेण्या सोडल्या. भाचा येऊन माझ्या मांडीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी माझी मनगटं धरली.

आत्यानं पदर पसरला. पहिली बट कापली तेव्हा त्याची पकड घट्ट झाली. वस्तरा फिरू लागल्यावर तो हलला नाही. मध्ये एकदा त्यानं न्हाव्याला, दोन्ही बाजूचे काढा, असं बजावलं. न्हावी म्हणाला, तुह्या मामाचेही काढू का. भाचा नाही म्हणाला, त्याले लागते. आत्या हसली, पण पदर हलू दिला नाही. केस जमिनीवर पडले नाहीत. वस्तरा खाली ठेवला तेव्हा सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि नारळ फोडायला घेतला.

मामानं आणलेले नवे कपडे जावळ झाल्यावरच उघडायचे असतात. त्याआधी त्या पिशवीला हात लावत नाहीत, म्हणून गाडीत बहिणीनं सगळं शोधलं तरी ती उघडली नव्हती. मी ती मांडीवर घेतली. शर्ट काढला, चड्डी काढली. टोपी उलगडली तेव्हा आतून माझा फोन सतरंजीवर पडला.

भाच्यानं फोन उचलून माझ्या हातात दिला.

"आता बोल," तो म्हणाला.

मी फोन चालू केला. न उचललेल्या फोनचे मेसेज येत राहिले. आलेल्या फोनच्या यादीत लव्हाळ्याजवळच्या वेळेचा एक उचललेला फोन होता, तो डेस्कचाच होता. मी बांधावर जाऊन सहकाऱ्याला फोन लावला. त्यानं आधी मी कुठे होतो ते विचारलं. मग सांगितलं की ट्रॅव्हल्स रस्त्यावरच आडवी झाली होती. काहींना खरचटलं, दोघांना रुग्णालयात नेऊन मलमपट्टी करून सोडलं. मृत कोणी नाही. पोलिसांकडून आणि रुग्णालयातून, दोन्हीकडून खात्री केली होती. ग्रुपवरचे आकडे खोटे होते. मोताळ्याचा वार्ताहर उशिरा का होईना, पोचला होता.

लव्हाळ्याजवळ फोन केला तेव्हा काय सांगितलं होतं, असं मी विचारलं.

"तुमचा भाचा बोलला," तो म्हणाला. "त्यानं मलाच विचारलं, किती. मी सांगितलं, कोणी मेलं नाही. पण मामाला म्हणा, तरी मागे फिरा."

पहिलं वाक्य भाच्यानं जसंच्या तसं पोचवलं होतं.

मी सतरंजीकडे परत आलो. तो नवे कपडे घालून उभा होता. बहीण त्याच्या डोक्याला हळद लावत होती आणि तो डोक्यावरून हात फिरवून पाहत होता. आत्यानं पदराची गाठ बांधून केस जवळ ठेवले होते. परत जाताना आत्या आमच्यासोबत मेहकरपर्यंत आली आणि पुलाखाली उतरून तिनं ते पाण्यात सोडले. भाचा काठावर उभा राहून वाकून पाहत होता. केस थोडे खडकाला अडकले, मग सुटले.

राजूर घाटाची बातमी सोमवारी आतल्या पानावर एका कॉलमात आली. मोताळ्याच्या वार्ताहराच्या नावानं होती.

सोमवारी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. भाचा सकाळी व्हॅनमध्ये बसून शाळेत गेला आणि शाळा सुटल्यावर परत आला. टोपी त्यानं दिवसभर काढली नाही.